जागा सोडलेला माणूस

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी विमलताईंच्या तुरीत एकच बार झाला. रानडुक्कर तीन ओळी ओलांडून पडलं. वावर मारेगावपासून अकरा किलोमीटरवर. डुकरं मारण्याची परवानगी विमलताईंच्याच अर्जावर निघाली होती.

तयारी आदल्या दुपारपासून चालली होती. वणीहून वामनराव आणि त्यांचा पुतण्या पिंटू जीप घेऊन आले. वामनरावांचं वय बासष्ट, शिकारीचा शौक चाळीस वर्षांचा. ओसरीवर गोणपाट अंथरून त्यांनी बाराबोरची बंदूक साफ केली, काडतुसं एकेक पुसून पाहिली. पिंटूला साबण लावू दिला नाही.

"वास शंभर पावलांवर जाते बे. डुकराले डोळे कमी, नाक जास्त."

"असाच घरी गेलो तं बायको आत घेणार नाही, काका."

"काहून? तिले डुकराचं नाक आहे काय?"

तांड्यावरचा भावसिंग माग काढून आला. आठ-दहा डुकरांचा कळप. पहाटे नाल्यातून वर येतो, तूर खातो, त्याच वाटेनं उतरतो. हाका करायला, म्हणजे डबडी वाजवून डुकरं उठवायला, तांड्यावरून आणखी चार माणसं येणार होती.

मागच्या पौषात याच वावरात हाका झाला होता. विमलताईंचा नवरा बळीराम त्यात मेला. डुकरानं फाडला. भावसिंग तेव्हा ऊसतोडीला गेला होता. पोलिसांत जबाब वामनराव आणि पिंटूनं दिला, तो असा. बळीरामला बांधावर, मोहाच्या झाडाखाली बरछी घेऊन उभं केलं होतं. वामनराव वर मचाणावर होते. बळीरामनं जागा सोडली, जखमी डुकरामागे नाल्यात उतरला आणि तिथंच मेला. प्रेतही नाल्यातूनच उचललं गेलं.

हाक्यात दिलेली जागा सोडायची नसते. एकानं सोडली की दुसऱ्याच्या जिवावर बेततं. म्हणून जागा सोडणारा मेला तरी त्याच्यासाठी कोणी फार हळहळत नाही. गावात बळीरामचं नाव तसंच निघायचं. शाळेत पोरं त्याच्या मुलीला, प्रेरणाला, 'जागासोड्याची' म्हणून चिडवायची.

संध्याकाळी चहा देताना विमलताईंनी विचारलं, "भाऊ, एक डाव खरं सांगा. त्यांनी जागा सोडली होती काय?"

"सोडली, वहिनी. म्या वरून आवाज देला. आयकलं नाही त्यानं." वामनरावांनी बशी खाली ठेवली. "उद्या त्याच डुकराले पाडतो. मंग तुमच्या जिवाले बरं वाटन."

"मले डुकराचं काय करा लागते?" विमलताई म्हणाल्या. "पोरीले सांगाले काही पाह्यजे."

पहाटे साडेपाचला सगळे निघाले. सरळ वाट मोहाखालून जाते. वामनरावांनी नाल्याकडून लांबचा वळसा घेतला.

"वारा तिकून आहे," ते म्हणाले.

भावसिंगनं चिमूटभर राख सोडली. ती सरळ खाली पडली.

"मोहावर नाही बसत काय, साहेब?" त्यानं पुढे विचारलं. "तुमचं मचाण हाय अजून."

"गुडघे गेले आता. झाडावर कोण चढते?"

वामनराव बांधाच्या दुसऱ्या टोकाला, पळसाच्या झुडपामागे बसले. पिंटू पन्नास पावलांवर. उजाडल्यावर हाका सुटला. डबडी वाजली, तूर हलली. कळप नाल्याकडे वळला. एक डुक्कर मात्र फुटून पळसाकडे आलं. वामनरावांनी त्याला वीस पावलांवर येऊ दिलं.

बार झाल्यावर पिंटू धावत आला. "हाच तो, काका! हाच!"

भावसिंगनं डुकराचा जबडा उघडून दात पाहिले. "दोन सालाचं बी नसन. मांगच्या साली पिल्लू असन हे."

"तू गप," पिंटू म्हणाला. "बांधा ते."

डुकराचे पाय बांबूला बांधले. वनरक्षक पंचनाम्यासाठी जीपजवळ थांबला होता. एवढं ओझं घेऊन वळसा घालणं शक्य नव्हतं. हाकेवाले सरळ वाटेला लागले. पिंटूनं बांबूला खांदा दिला. मागून रिकामी बंदूक लटकवून वामनराव. विमलताई पाण्याची कळशी घेऊन बांधापर्यंत आल्या होत्या.

ओझं मोहाखालून पुढे गेलं. वामनराव चार पावलं मागे होते. ते थांबले. बांधावरचा एक दगड उचलून त्यांनी मोहाच्या बुडाशी ठेवला आणि हात कपाळाला लावला.

रानात फिरणाऱ्यांचा हात हे विचार न करता करतो. शिकारीत माणूस जिथं मेला, ती जागा दगड ठेवल्याशिवाय कोणी ओलांडत नाही. ओलांडली तर पुढची गोळी आपल्याच माणसाला लागते, असं मानतात.

वामनराव सरळ झाले. समोर विमलताई उभ्या होत्या. पुढे पिंटूच्या खांद्यावरून बांबू घसरला.

"भाऊ," विमलताई म्हणाल्या, "दगड इथं काहून ठेवला? ते तं नाल्यात मेले होते नं?"

साडेआठला वनरक्षकानं डुकराचा पंचनामा पूर्ण केला. "आता मोहाखालचा बी करा," विमलताई त्याला म्हणाल्या, "ते जागेवरच मेले होते."