स्थानिक नाव

"ही न्हाई," गंगासागरबाई म्हणाल्या.

स्वप्नालीने जाड कागद पुन्हा त्यांच्या डोळ्यांजवळ धरला. कागदावर टाचलेली चौकोनी दांडी आणि किडीने सोडलेली अडीच पानं, एवढंच उरलं होतं.

"नीट बघा ना मावशी. ही नाही, तर मग कुठली?"

"कुठली म्हंजी? न्हाई."

"अहो, इथूनच नेली होती. तुमच्या बांधावरून. तुम्हीच उपटून दिली होती."

"मंग मी काय म्हनलं? हीच की. हीच न्हाई."

"हीच नाही?"

"हां."

स्वप्नाली ओट्यावर बसली. चौसाळ्याहून सकाळच्या पहिल्या जीपने ती आली होती. चौदा वर्षांपूर्वी आली तेव्हा एम.एस्सी.ला होती. साखरेच्या आजारावर गावोगावी काय देतात, ते गोळा करायचं होतं. झाडं ओळखायला सर होते. ती रसायनशास्त्राची, ती लेबलं लिहायची. या झाडाला, म्हणजे त्यांच्या अकरा नंबरच्या नमुन्याला, तेव्हा फुलं नव्हती. "फुलावर आली की परत येऊ," सर म्हणाले होते. त्याच हिवाळ्यात सर गेले आणि परत येणं राहिलं. यंदा जुन्या डब्यांतल्या भुकट्या तिने तपासल्या, तेव्हा पोटात पिठाची साखर करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, अकरा नंबरने जवळजवळ थांबवलं. डबीत दोन चमचे भुकटी होती. ती संपली. झाड सापडलं नाही तर काम तिथंच थांबणार होतं.

तिने लेबल पाहिलं. गाव, तारीख, सांगणाऱ्याचं नाव. तिचंच बाविसाव्या वर्षीचं गोल, वळणदार अक्षर. खाली लिहिलं होतं, 'स्थानिक नाव: नाही.'

"मावशी, त्या दिवशी मी तुम्हाला याचं नाव विचारलं होतं?"

"इचारलं की. आन मी सांगितलं. न्हाई."

स्वप्नालीने लेबल पुन्हा वाचलं. पुस्तकात वाचलेलं एका झाडाचं नाव तिला आठवलं, कडूनाई.

"म्हणजे न्हाई हे झाडाचं नाव आहे?"

"मंग कुनाचं, माज्या सासूचं? कावून, तू काय लिवलंस?"

तिने वाचून दाखवलं. गंगासागरबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता खोकला आला, तरी थांबेनात. "चवदा वर्सं! एवढी शिकलेली बाई, आन न्हाईचं न्हाईच करून ठिवलं!"

स्वप्नालीलाही हसू आलं. सर असते तर चष्मा काढून डोळे पुसत हसले असते.

दोघी बांधावर गेल्या. सोयाबीन काढणीला आलं होतं. बांध मात्र भाजल्यासारखा पिवळा पडला होता.

"आमचा पोरगा, वीरेश, तननाशक फवारतो," गंगासागरबाई म्हणाल्या. "काडी ऱ्हात न्हाई. पयले खुरपायला बाया असायच्या. न्हाई उपटली की हाताला असा कडूपना, दुपारची भाकर गिळवायची न्हाई. खुरपायच्या वळीवरनं भांडायच्या बाया, ही पात मला नगं, ही पात मला नगं."

दुसरा बांध झाला. ओढ्याची कड झाली. शेजाऱ्याचं पडीक रान झालं. कुठेच नाही. गंगासागरबाई कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या.

"एका जागी आसंल. तिथं कुनी फवारत न्हाई," त्या म्हणाल्या आणि पुढे झाल्या.

ओढ्यापलीकडे त्यांच्या समाजाची रुद्रभूमी, माणसं पुरायची जागा, होती. मातीचे उंचवटे, मधून गवत. एका उंचवट्यावर मात्र झाडं दाट होती, वीतभर उंचीची. स्वप्नाली गुडघ्यांवर बसली. दांडी चौकोनी. प्रत्येक पेरापाशी, पानांच्या बगलेत, पांढऱ्या बारीक फुलांचे झुपके. तिने पाकळ्या मोजल्या. पाच. पुस्तकातल्या कडूनाईला होत्या तेवढ्याच.

"हे आमचे अप्पा," गंगासागरबाई म्हणाल्या. "चार वर्सं झाली."

मावशींचे यजमान, महारुद्रअप्पा, तिला लगेच आठवले. झाडं दाबायला जुने पेपर मागितले, तर त्यांनी त्या दिवशीचा दिला होता. पण आधी ओट्यावर बसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि सर जीपपाशी उभे.

"शुगर होती त्येंना. गोळी घ्यायचे, आन वरून ह्याचा काढा. मी करून द्यायची. रोज शिव्या घालत प्यायचे." गंगासागरबाईंनी एका पानावरून बोट फिरवलं. "खरं सांग बाई. गुन येतो का गं ह्याचा?"

"काचेच्या नळीत येतो, मावशी. माणसात येतो का, ते अजून माहीत नाही. त्यासाठीच झाड पाहिजे."

"मंग घे की."

"मुळासकट लागेल." स्वप्नालीने आजूबाजूला पाहिलं. बाकीच्या उंचवट्यांवर नुसतं कुसळ होतं. "इथलं नको. दुसरीकडे बघू."

"दुसरीकडं कुठं? सगळीकडं फिरलो की आपुन."

गंगासागरबाई वाकल्या. बुडाशी धरून एक झाड त्यांनी हलकेच ओढलं, मग दुसरं, मग तिसरं. काल-परवाच्या पावसाने माती ओली होती; मुळं सहज निघाली. स्वप्नालीने पिशवीचं तोंड उघडलं.

"थांब." गंगासागरबाईंनी तिचं मनगट धरलं. "झाड ने. माती हितंच ऱ्हाऊ दे."

स्वप्नाली खाली बसली. एकेक मूळ दोन्ही तळव्यांत धरून ती उंचवट्यावर झाडू लागली. बारीक मुळांत अडकलेले कण नखाने सोडवायला तिला बराच वेळ लागला. गंगासागरबाई पडलेली माती हाताने सारखी करत राहिल्या.