धाकटा येतोय मागनं

आंबेनळी घाटाचा माथा आला तेव्हा मुकुंदच्या पायांत त्राण उरलं नव्हतं. सायकल दादाची, पाठीवरचा नंबरही दादाचाच. मुलांच्या श्रवणयंत्रांसाठी निघणाऱ्या या चार दिवसांच्या सायकल मोहिमेला दादा त्याला दरवर्षी बोलवायचा. "पुढच्या वर्षी नक्की," म्हणत मुकुंद देणगी पाठवून मोकळा व्हायचा.

टपरीवरच्या मावशींनी सायकल लगेच ओळखली. "या सायकलीवरचे साहेब नाही आले यंदा?"

"दादा मार्चमध्ये गेला. मी त्याचा धाकटा भाऊ."

मावशींनी चहाचे दोन ग्लास भरले.

"मी एकटाच आहे, मावशी."

"ते दरवर्षी दोन सांगायचे. म्हणायचे, धाकटा येतोय मागनं. चहा निवेपर्यंत वाट बघायचे, मग दुसराही पिऊन निघायचे."

दुसरा ग्लास निवेपर्यंत मुकुंद खालच्या वळणाकडे बघत राहिला.