कानातला सल्लागार

नगरपरिषदेच्या सभागृहात कोळणी दाटीवाटीने बसल्या होत्या. मासळी सुकवायच्या मैदानावर आता कांदळवन लावायचं होतं आणि नगराध्यक्षा वैजयंती तांडेल त्याची कारणं सांगत होती. खरं तर ती कारणं तिच्या कानातल्या सल्लागार यंत्रातून येत होती. सातासमुद्रापलीकडच्या एका हवामान मंडळाने जगभरच्या नगराध्यक्षांना तसं यंत्र दिलं होतं. तिकडे ठरलेला आराखडा ते इकडच्या बोलीत पुरवायचं आणि वैजयंती तो बोलून दाखवायची. लोक म्हणत, पोर बोलते छान!

मागून हिराकाकी उठली. वैजयंतीसाठी तिनेच घरोघर फिरून मतं मागितली होती.

"बाय, मैदान गेल्यावर आम्ही मासळी कुठं सुकवायची?"

"काकी, दर्या चढतोय. आज आपण सोसलं तर उद्या नातवंडं तरतील," यंत्राचं वाक्य वैजयंतीच्या तोंडून गेलं. टाळ्या पडल्या.

"ते खरं गो. पण तुला स्वतःला पटलंय काय?"

'तुमच्या गळ्याशपथ पटलंय, काकी,' यंत्राने लगेच सुचवलं. ते शब्द अगदी जिभेवर आले, तशी वैजयंती चरकली. तिने यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि स्वतःचं उत्तर शोधू लागली. आराखड्यावर तिने कधी विचार असा केलाच नव्हता.

"मला माहीत नाही, काकी," ती शेवटी पुटपुटली.

हिराकाकी रागावली नाही. "मग आम्ही मत कोणाला दिलं गो?" तिने हळूच विचारलं.

वैजयंतीने ठराव पुढे ढकलल्याचं जाहीर केलं, पण मान वर करून सांगणं काही तिला जमलं नाही.