काचेपलीकडची हाक

"नाच सगळा तिचाच आहे हं. एक पाऊलसुद्धा दुसरीचं नाही."

डबिंगच्या खोलीत शिरल्या शिरल्या आईने सगळ्यांना सांगून टाकलं. कोणी विचारलं नव्हतं. साउंडवाला बटणांत डोकं खुपसून बसला होता, आणि दिग्दर्शक मान हलवून मोकळा झाला.

लेक शेजारी बसून आईचे ओठ वाचत होती आणि हसू दाबत होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ताल मात्र अंगात मुरलेला होता, आणि तो आईनेच मुरवला होता. लहानपणी तिला मांडीवर पालथी घालून आई तिच्या पाठीवर ठेका धरायची. पुढे तीच दोघींची बोली झाली. खांद्यावर दोन थापा म्हणजे 'माझ्याकडे बघ'. नाचाचे कार्यक्रम झाले, नाटकं झाली, आता हा पहिला सिनेमा. नायिका तीच. पण सिनेमातली नायिका घडाघडा बोलणारी, म्हणून आवाज तेवढा दुसरीचा.

खोलीतला दिवा मंद झाला. काचेपलीकडे आवाज देणारी बाई माइकसमोर उभी राहिली. पडद्यावर नायिका एका बंद दारापाशी आली आणि तिचे ओठ हलले.

"आई, दार उघड ना गं."

लेकीला दिसला तो आईचा चेहरा. तोंड अर्धवट उघडं, डोळे काठोकाठ भरलेले. आजवर तिने आईला हसवलं होतं, रडवलं होतं, जेरीस आणलं होतं. हा चेहरा मात्र तिला कधी आणता आला नव्हता. तिला त्या बाईचा हेवा वाटला, अगदी मनापासून.

"पुन्हा एकदा म्हणायला सांगा ना," आई दिग्दर्शकाला म्हणाली.

"झालंय की छान, काकू."

"असू द्या हो. माझ्यासाठी."

लेकीने शूटिंगच्या वेळी त्यातला 'आई' हा शब्द खरंच उच्चारला होता. आरशासमोर, गळ्यावर हात ठेवून, आईला चोरून तिने तो घोटून घोटून बसवला होता. "सिनेमात नाही चालायचा," असं दिग्दर्शकाने तिला नंतर समजावलं. नाही तर नाही. तो सिनेमासाठी बसवला होताच कुठे?

पडद्यावर नायिका पुन्हा दारापाशी आली. आई खुर्चीच्या टोकाला सरकून काचेकडे बघत होती.

लेकीने तिच्या खांद्यावर दोन थापा मारल्या. आई वळली नाही. मग लेकीने गळ्यावर हात ठेवला, आतली थरथर बोटांना नीट लागली तेव्हा तोंड उघडलं आणि तो शब्द म्हटला.

साउंडवाल्याचे हात बटणांवर थांबले. दिग्दर्शकाने मान वळवून बघितलं.

आईने मागे न बघताच चाचपडत लेकीचा हात शोधला आणि घट्ट धरला. समोरच्या काचेत आईचा चेहरा स्पष्ट दिसत होता. लेकीने त्या काचेतले ओठ वाचले.

"थांब गं जरा. ऐकू दे."