खिडकीतलं लाजणं

गाण्याच्या व्हिडिओत भाडेकरू पोरीने सिगारेट ओढली, म्हणून घरमालकीणकाकूंनी तिचं सामान जिन्यात काढलं. "अहो, ते गाण्यापुरतं होतं. मी तशी नाही!" ती काकुळतीला आली.

"दिसतं तेच असतं," म्हणत काकूंनी दार लावून घेतलं.

पुढे ती स्वतःच व्हिडिओ बनवायला लागली. मुद्दाम काकूंच्या गल्लीत शूटिंग लावलं, काकूंनाही काम दिलं. "खिडकीतून त्या कुंडीतल्या फुलाकडे बघून छान लाजा." काकू नटूनथटून अगदी मनापासून लाजल्या.

गाणं आलं. त्यात फुलाच्या जागी समोरच्या गच्चीत जोर काढणारा उघडाबंब पैलवान होता.

काकूंचा रडत फोन आला, "अगं, गल्ली फिदीफिदी हसतेय! सांग ना सगळ्यांना, मी तशी नाही!"

 

"दिसतं तेच असतं, काकू."