गिरणीवरची बातमी

घाट उतरला, रेंज गेली आणि हेमांगी-निरंजनच्या कानातले मणी मुके झाले. शहरात हे मणी ज्याला त्याला त्याच्या मनाजोग्या बातम्या सांगत. लग्नाला सहा वर्षं झाली, पण दोघांनी एकच बातमी कधी ऐकली नव्हती.

निरंजनच्या गावात मात्र वीज गेली की पिठाची गिरणी थांबायची, आणि गिरणीवाल्या शेवंताक्का रांगेला मोठ्याने पेपर वाचून दाखवायच्या. आज त्या रांगेत हे दोघंही दळणाचा डबा घेऊन उभे होते.

“धरणाचं पाणी आधी शहराला,” अक्कांनी वाचलं.

“बरोबरच आहे,” निरंजन म्हणाला.

“काय बरोबर? जमिनी बुडाल्या त्या इथल्या,” हेमांगी उसळली. “गाव तुझं, आणि पुळका शहराचा?”

मग जी जुंपली, ती वीज आली तरी थांबेना.

“भांडा रे पोरांनो,” अक्का म्हणाल्या, “दळण व्हायला वेळ आहे.”

परतताना घाटमाथ्यावर मणी पुन्हा बोलू लागले. गाडी चालवणाऱ्या निरंजनचा चेहरा हळूहळू पूर्वीसारखा शांत आणि परका झाला. हेमांगीने त्याच्या कानातला मणी काढला, मग स्वतःचा, आणि दोन्ही पिठाच्या डब्यात टाकले.

“माझं बोलून संपलेलं नाही,” ती म्हणाली.

“माझं तरी कुठे संपलंय?”