अळणी पान

बाळांनो, डोळ्यांपुढे बांबूचं एक कुंपण आणा. आत डेल्सीच्या आजीचं घर, अंगणात टेबल, टेबलावर पांढरी चादर. बाहेर धुळीत उभा असलेला एक जटाधारी माणूस. सकाळपासून त्याने फाटकाच्या आत पाऊल टाकलेलं नाही.

तो डेल्सीचा बाप, ओबेड. आणि आजी म्हणजे त्याचीच आई. तिला पुरलं, आणि आज तिची नववी रात्र होती. या रात्री मेलेला माणूस घरी येऊन शेवटचं जेवतो. म्हणून दिवस कलताच तिचं पान वाढून ठेवलं होतं. भात आणि उकडलेलं कोनफळ, दोन्ही अळणी. मेलेल्यांना मीठ चालत नाही, हे जमैकात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"आईच्या मातीला आला नाही," ल्युसिल आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आणि आता पोरगी न्यायला आलाय!"

चर्चचे डीकन खुर्चीत रेलले. "येईल कसा? या रास्ताफारींना मरणच नाही! हबशांचा राजा गादीवर बसला, तोच म्हणे देव, आणि हे सगळे अमर. जटांतल्या उवासुद्धा अमर असतील."

अंगण खदखदून हसलं.

"डीकन, तुमचा देव गोऱ्याने भिंतीवर टांगून दिलाय," ओबेड बाहेरूनच म्हणाला. "आमचा आमच्या रंगाचा आहे, आणि जिवंत आहे. जिवंत माणसाचं मढ्याच्या घरात काय काम?"

"ऐकलंत? आईला मढं म्हणतो!" आत्या फणकारली. "खातोस काय रे तू? अळणी! भुताचं जेवण! पोरगी हवीय ना? मग आत ये, आईच्या पानापुढे मान झुकव आणि घेऊन जा. नाहीतर ती माझ्याकडे राहील."

"मेलेल्याच्या घरात जायचं नाही, मेलेल्याचं खायचं नाही, हे माझं व्रत आहे. आत आलो तर मोडेल."

"मग बस व्रत कवटाळून!"

डेल्सीला कुणी काही विचारलं नव्हतं. तिला आजीचं पातेलं आठवलं. मीठ टाकायच्या आधी आजी रोज कोनफळाचा एक तुकडा बाजूला काढायची आणि डेल्सीच्या हाती डोंगरावर ओबेडकडे धाडायची. "देव त्याचा असेल," ती पुटपुटायची, "पण चूल माझी आहे."

डेल्सीने टेबलावरचं पान उचललं.

"ए! मेलेल्याचं आहे ते! ठेव खाली!" आत्या किंचाळली.

डेल्सी फाटकाबाहेर गेली. ओबेड एक पाऊल मागे सरला.

"अळणी आहे, बाबा. आजी काढायची तसंच."

ओबेड पानाकडे बघत राहिला. त्याचा हात पुढे आला नाही.

"बघा, बघा!" डीकन ओरडले. "अमर माणूस कोनफळाला भ्याला!"

डेल्सी तिथेच धुळीत बसली. तिने कोनफळ मोडून दोन तुकडे केले. एक तोंडात टाकला, साऱ्या अंगणादेखत चावून गिळला. दुसरा तिने बापासमोर वर धरला. आणि हात खाली घेतला नाही.